कॉट्सवोल्ड्सच्या खेड्यात बिऱ्हाड करावं का? तिथल्याच एका डॉक्टरणीचं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात पुन्हा मांडते. तुम्ही दोघं इंग्लंडमध्ये रेडिंग शहरात राहता, दोघंही आयटीत, आठवड्यातून दोन दिवस ऑफिस. मुलगी ६ वर्षांची. कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडमधल्या डोंगराळ, जुन्या दगडी गावांच्या भागात, उत्तरेकडच्या जेमतेम ३०० वस्तीच्या गावात सतराव्या शतकातलं एक दगडी घर पाहिलंत, ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे जुनी वास्तू म्हणून कायद्याने जपलेलं आहे, आणि ते मनात भरलंय. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार, दरवर्षी पुण्याहून येऊन चार-पाच महिने राहतात. गाव बघायला दोनदा गेलात आणि दोन्ही वेळा रस्त्यात भेटलेलं प्रत्येक माणूस सत्तरीपुढचं. म्हणून विचारताय की या म्हाताऱ्यांच्या गावात आपण एकटे पडू का, ते आपल्याला सामावून घेतील का.

मी मिरजेची. एमबीबीएस तिथेच, १९९८ ला इकडे आले, आणि गेली २२ वर्षं याच भागात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आहे. आमच्या सर्जरीखाली, म्हणजे दवाखान्याखाली, पंधराएक गावं येतात आणि त्यातल्याच एकात माझं घर आहे. त्यामुळे जे सांगतेय ते थोडं डॉक्टर म्हणून आणि थोडं शेजारीण म्हणून. खाली जी माणसं येतील त्यांचे तपशील मुद्दाम बदललेत, दोघातिघांचं मिळून एक माणूस केलंय. आणि हेही आधीच सांगते की बरंच काही तुमच्यावर अवलंबून आहे. दोघंही गाडी चालवता का, ऑफिस उद्या तीन दिवस यायला सांगेल का, इथे पाच वर्षं राहायचंय की वीस, यातलं मला काही माहीत नाही. माझ्या ओळखीची दोन भारतीय कुटुंबं याच भागात आली. एक अजून आहे, दुसरं अठरा महिन्यांत परत गेलं. दोन्हीही शहाणी माणसं.

सामावून घेतील का? घेतील. म्हातारी माणसं तरुण बिऱ्हाडाची वाट बघत असतात, आणि ते का हे पुढे येईलच. पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा नाही. ज्या दिवशी घरातल्या कुणाला गाडी चालवता येणार नाही, त्या दिवशी त्या माणसाचं काय होईल, हा पहिला प्रश्न. आणि गावाला द्यायला तुमच्याकडे आठवड्याचे तीन-चार तास आहेत का, हा दुसरा.

आधी गाडीचं बोलते, कारण माझ्या खोलीत सगळ्यात अवघड संभाषणं कर्करोगाची नसतात, गाडीच्या किल्लीची असतात. इथे सत्तरी आली की लायसन्स दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं, आणि त्यासाठी परीक्षा नसते. माणूस स्वतःच लिहून देतो की मी ठीक आहे. मग कधीतरी लेकीचा फोन येतो, "डॉक्टर, बाबांनी पुन्हा गेटचा खांब पाडला." बाबांना बोलावून डोळे, स्मरणशक्ती तपासायची आणि सांगायचं की आता गाडी बंद. ते ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी अनेकदा पाहिलंय. एक गृहस्थ मला म्हणाले, तुम्ही मला घरातच स्थानबद्ध केलंत. ते खोटं नव्हतं. दुकान तीन मैलांवर, बस आठवड्यातून दोन दिवस, रस्त्याला फुटपाथ नाही, दिवे नाहीत, आणि दोन्ही बाजूंना कुंपणाची झाडी इतकी वाढलेली की समोरून ट्रॅक्टर आला तर चिकटून उभं राहायलाही जागा नाही.

लोकांना वाटतं खेड्यात एकटेपणा माणसं कमी असल्यामुळे येतो. माझा अनुभव वेगळा आहे. एकटेपणा पायांतून येतो. ज्याला व्हिलेज हॉलपर्यंत चालत जाता येतं तो नव्वदीतही गावात असतो, आणि ज्याला तेवढंही जमत नाही तो गावाच्या मधोमध राहूनही गावाबाहेर पडतो.

म्हणून तुमच्या घरात मला काळजी तुमची किंवा मुलीची नाही, सासूबाईंची वाटते. त्या पुण्यात असतात तेव्हा रिक्षा आहे, खाली किराणावाला आहे, संध्याकाळी बाकावर बसायला चार जणी आहेत. तुमच्या या गावात त्यांच्यासाठी काय आहे? पेन्शनच्या वयाला इथल्या लोकांना मोफत बसचा पास मिळतो, पण तो इथे कायम राहणाऱ्यांना. पाहुण्या म्हणून आलेल्या सासूबाईंना तिकीट काढावं लागेल, आणि आधी बस असावी लागेल. तुम्ही दोघं दिवसभर कॉलवर, मुलगी शाळेत, बाहेर नोव्हेंबरात चार वाजता अंधार. रेडिंगमध्ये निदान देऊळ, भारतीय दुकान, कुणीतरी मराठी बोलणारं भेटतं. इथे त्या दिवसभर खिडकीतून मेंढ्या बघतील. पहिला आठवडा ते छान वाटतं.

यावर उपाय नाही असं नाही. माझी आई यायची तेव्हा तिला मी दर बुधवारी व्हिलेज हॉलमधल्या कॉफी मॉर्निंगला नेऊन सोडायचे. इंग्रजी तिला तोडकंमोडकंच यायचं. पण तिथे विणकाम करणाऱ्या तीन बायका होत्या, आणि लोकरीला भाषा लागत नाही. तिसऱ्या वर्षी त्यांतली एक तिच्याकडून शंकरपाळे शिकून गेली आणि गावच्या फेटमध्ये, म्हणजे उन्हाळी जत्रेत म्हणा, ते विकायला ठेवले. तर घराच्या दारापासून हॉलपर्यंत सासूबाई त्यांच्या गुडघ्यांनिशी स्वतः चालत जाऊ शकतील का, हे प्रत्यक्ष चालून बघा. चढ किती, हात धरायला काही आहे का, दगड निसरडे होतात का. घराच्या फोटोंपेक्षा हे महत्त्वाचं.

त्यांच्या औषधपाण्याचंही लगे हात सांगते. पाहुण्यांना जीपीकडे दाखवणं इथे मोफत आहे, सर्जरीत तात्पुरती नोंदणी होते. इस्पितळात दाखल झाल्यावर मात्र पाहुण्यांना खर्चाच्या दीडपट बिल लावतात, म्हणून विमा काढल्याशिवाय त्यांना विमानात बसवू नका. गावातल्या सर्जऱ्या बऱ्याचदा स्वतःच औषधंही देतात. ज्यांचं घर औषधांच्या दुकानापासून १ मैलाहून लांब आहे अशा ग्रामीण रुग्णांसाठी तशी परवानगी असते. शहरातून येणाऱ्यांना याचं फार अप्रूप वाटतं.

अँब्युलन्सबद्दल मात्र गोड बोलणार नाही. हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताच्या संशयासाठी कागदावरचं उद्दिष्ट सरासरी १८ मिनिटांचं आहे. सरासरीत शहरंही येतात. आमच्या गल्लीबोळांत, रात्री, धुक्यात, तेवढ्यात कुणी पोचलं तर नशीब. म्हणून गावं आपली व्यवस्था करतात. लाल टेलिफोन बूथ पाहिलाच असेल. टेलिफोन कंपनीने २००८ पासून असे बंद पडलेले बूथ गावांना एकेक पौंडाला द्यायला सुरुवात केली, आणि आता त्यांतल्या कितीतरींमध्ये हृदयाला झटका देणारं यंत्र, डिफिब्रिलेटर, टांगलेलं असतं. ९९९ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन केला की ते पेटीचा कोड सांगतात. पण ते यंत्र तिथून काढून धावत आणायला कुणीतरी धावता येणारं लागतं. आमच्या गावात अशी माणसं एका हातावर मोजण्याइतकी आहेत. आता कळलं, तुमची वाट का बघतात?

दुसरी बारीक गोष्ट फोनची. जुन्या तांब्याच्या तारांवरचे फोन जानेवारी २०२७ पर्यंत बंद होऊन सगळे इंटरनेटवर जाणार आहेत. जुना फोन वीज गेली तरी चालायचा, नवा राउटरवर चालतो. वादळात झाड पडून वीज जाणं इथे दरवर्षीचं. म्हाताऱ्यांच्या गळ्यातलं, दाबलं की मदत येणारं बटण बरेचदा त्याच फोनवर अवलंबून असतं. तुम्ही दोघं आयटीतले. गावात राहायला गेल्यावर पहिल्या महिन्यात कुणीतरी केक घेऊन येईल आणि हळूच विचारेल, "हे राउटरचं काय असतं हो?" केक खा आणि मदत करा. तुमची गावातली जागा तिथे ठरते.

आता ही म्हातारी माणसं कोण आहेत ते सांगते. शहरात राहून वाटतं की ही पिढ्यानपिढ्यांची गावकरी मंडळी. काही आहेत, शेतकऱ्यांची, पूर्वी जमीनदाराच्या इस्टेटीवर राबणाऱ्यांची घरं. पण तुम्हाला रस्त्यात भेटलेल्यांतले अर्धेअधिक वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लंडन किंवा बर्मिंगहॅमहून निवृत्त होऊन आलेले असतील. म्हणजे तेही उपरेच, फक्त तुमच्या आधी आलेले. अशी गावं कमी नाहीत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ६५ आणि त्यापुढची माणसं १८.६ टक्के होती, पण समुद्राकाठच्या नॉर्थ नॉरफोक जिल्ह्यात ३३.४ टक्के, म्हणजे दर तिसरं माणूस. तरुण मुलांना इथलं घर परवडत नाही, ती जातात. शहरातलं घर विकून पैसे घेऊन आलेले म्हातारे येतात.

गंमत अशी की ही गावं इतकी जुनी दिसतात ती श्रीमंतीमुळे आणि मग गरिबीमुळे. मध्ययुगात इथल्या मेंढ्यांच्या लोकरीवर मोठमोठी चर्चं उभी राहिली, चिपिंग कॅम्पडन, नॉर्थलीच वगैरे. पुढे लोकरीचा धंदा इथून उठला, कारखानदारी दुसरीकडे गेली, आणि जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसे उरले नाहीत. म्हणून ते राहिलं. आज त्याच घरांसाठी लोक डोळे पांढरे होतील इतके पैसे मोजतात.

या माणसांची रीत समजायला मला दोन वर्षं लागली. कुणी न सांगता दारात येत नाही. "या ना एकदा घरी" हे आमंत्रण नसतं, डायरी उघडून तारीख सांगितली की ते आमंत्रण. चारचा चहा म्हणजे पाचला उठायचं. ऐंशी वर्षांच्या बाईंनाही पहिल्या नावाने हाक मारायची. आपल्या जिभेवर काकू येतं, ती सवय मोडायला मला फार जड गेलं. एका आजींना मी तीन वर्षं मिसेस अमुक म्हणत होते, शेवटी त्याच चिडल्या. कुणी काही केलं तर आभाराचं कार्ड पाठवायचं, फोनवरचा मेसेज नाही. आणि कुत्रा पाळणं हा इथला सगळ्यात जलद व्हिसा आहे. तुम्हाला कुत्री आवडत नसतील तर निदान दुसऱ्यांच्या कुत्र्यांची नावं पाठ करा. माणसांची नंतर आली तरी चालतील.

आणि मयताला जा. म्हाताऱ्या गावात मृत्यू होतात, दर हिवाळ्यात तीन-चार. आपल्याकडे काही तासांत सगळं आटोपतं, इथे अंत्यविधी दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा होतो. पहिल्या वेळी मला वाटलं, आता इतक्या दिवसांनी जाऊन काय करायचं, आणि गेले नाही. ती चूक होती. चर्चमध्ये बसायचं, भजनाचं पान उघडून तोंड हलवायचं, आणि नंतर हॉलमध्ये सँडविच आणि चहा. तिथे त्या माणसाचं खरं आयुष्य कळतं, आणि गाव बघतं कोण आलं ते. तुम्ही हिंदू आहात म्हणून कुणी भुवई उंचावणार नाही. बसलेल्यांतले निम्मे एरवी चर्चकडे फिरकत नाहीत. एकेका पाद्रीबुवांकडे कितीतरी गावं असतात, त्यामुळे दर रविवारी प्रार्थनाही आपल्याच गावात होईल असं नसतं.

रंगाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण दोन ओळींच्या मध्ये तो दिसला. गावात तुम्हीच एकटं सावळं कुटुंब असाल, बहुधा शाळेतही. २२ वर्षांत मला उघड अपमान तीनदा आठवतो, आणि तिन्ही वेळा तो बाहेरून आलेल्या माणसाकडून, गावच्या नव्हे. पण "मूळच्या कुठल्या?" हा प्रश्न तुम्हाला पन्नास वेळा ऐकावा लागेल. तो कधी खरी चौकशी असतो, कधी खडा टाकून बघणं असतं, आणि फरक आवाजावरून कळतो. माझ्या सुरुवातीच्या काळातले एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे, फार कमी बोलणारे. रक्तदाब मोजताना त्यांनी विचारलं, कुठल्या? मी म्हटलं, मुंबईच्या बाजूची, आता हे आणखी काय बोलतात म्हणून सावरून बसले. ते म्हणाले, "मराठाज?" दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत आठव्या इंडियन डिव्हिजनच्या मागे तोफखान्यात होते. सेनिओ नदी ओलांडतानाच्या रात्रीबद्दल ते दहा मिनिटं बोलले, बाहेर रांग खोळंबली. घरी येऊन मी शोधलं. ९ एप्रिल १९४५ ला त्याच नदीकाठच्या पराक्रमासाठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. मिरजेत शिकून मला ते माहीत नव्हतं, आणि या ग्लॉस्टरशरच्या शेतकऱ्याला "मराठा" हा शब्द मिरजेच्या कुणाही माणसाइतकाच जवळचा होता. तेव्हापासून नोव्हेंबरात युद्धस्मारकापाशी दोन मिनिटं उभं राहायला मी चुकत नाही.

अवांतर: तुमच्या गावापासून गाडीने थोड्याच अंतरावर डेल्सफर्ड आहे. तिथल्या चर्चच्या आवारात वॉरन हेस्टिंग्जला पुरलंय. नाना फडणीसांच्या काळात सालबाईचा तह झाला तेव्हाचा तो गव्हर्नर जनरल. घराण्याची गेलेली वाडी त्याने परत विकत घेतली आणि १८१८ च्या ऑगस्टमध्ये तिथेच मेला, पेशवाई बुडाल्यावर दोनेक महिन्यांनी. सासूबाईंना इतिहासाची आवड असेल तर एक दुपार तिथे जाऊ द्या.

आता दुसरा प्रश्न, वेळ देण्याचा. अशा गावात सगळं स्वयंसेवकांवर चालतं. आमचं दुकान बंद पडायला आलं तेव्हा गावानेच भाग काढून ते घेतलं. एक सभासद, एक मत. आपल्याकडच्या सोसायटीसारखंच, फक्त चेअरमनपदासाठी मारामारी नाही, उलट ते कुणी घ्यावं म्हणून विनवण्या. काउंटरवर सत्तरीतल्या बाया दोन-दोन तासांच्या पाळीने उभ्या राहतात. पॅरिश कौन्सिल म्हणजे ग्रामपंचायतच म्हणा, १८९४ च्या कायद्याने आलेली, पण अधिकार अगदी थोडे: गवत कापणं, बाकं, बसथांबा, आणि कुणी बांधकामाचा अर्ज केला तर त्यावर मत देणं. मानधन नाही. निवडणुकीला पुरेसे उमेदवारच मिळत नाहीत म्हणून जागा भरायला लोकांना विचारून विचारून घेतात. त्याशिवाय हॉलची समिती, इस्पितळात नेऊन आणणाऱ्या गाड्यांची यादी, फेट, बागेची स्पर्धा.

तुम्ही चाळिशीच्या आत आहात, कॉम्प्युटर येतो, पाठ दुखत नाही. तीन महिन्यांत तुम्हाला कुठल्या तरी समितीची खजिनदार करण्याचा प्रयत्न होईल. जे कुटुंब परत गेलं ते इथेच अडकलं. पहिल्या वर्षी संकोचाने प्रत्येकाला हो म्हणत गेले आणि दुसऱ्या वर्षी दमून सगळंच सोडलं, त्याने मनं दुखावली. माझं म्हणणं, एकच काम घ्या, ते नेटाने करा, आणि बाकीच्यांना हसून नाही म्हणा. इंग्रज माणसाला नाही म्हटलेलं चालतं, हो म्हणून न येणं चालत नाही. मी स्वतः गाड्यांच्या यादीत आहे, महिन्यातून दोन शनिवार. डॉक्टरच रुग्णाला इस्पितळात गाडीने सोडते याचं माझ्या सहकाऱ्यांना हसू येतं. पण त्या चाळीस मिनिटांत माणसं जे बोलतात ते सर्जरीतल्या दहा मिनिटांत कधी बोलत नाहीत.

मुलीबद्दल थोडक्यात. गावची प्राथमिक शाळा लहान असली, दोन-दोन इयत्ता एका वर्गात असल्या, तर ६ वर्षांच्या मुलीला ते छान मानवतं. पण पट किती आहे आणि गेल्या तीन वर्षांत वाढला की घटला हे विचारा. म्हाताऱ्या गावातल्या शाळेवर बंद होण्याची टांगती तलवार असते. आठ वर्षांखालच्या मुलांची जवळची योग्य शाळा २ मैलांहून लांब असेल तर कौन्सिलला (ग्रामपंचायतीला नव्हे, वरच्या स्थानिक प्रशासनाला) नेण्या-आणण्याची मोफत सोय करावी लागते, त्यापुढच्यांसाठी ३ मैल. खरी अडचण तेराव्या-चौदाव्या वर्षी येते. मैत्रिणी दहा मैलांत विखुरलेल्या, आणि तुम्ही टॅक्सीवाले. माझा मुलगा सतराव्या वाढदिवसाच्या दिवशी सकाळी लर्नरच्या पाट्या लावून गाडीत बसला होता.

घराचं शेवटी ठेवलंय, कारण त्यावर मी डॉक्टर नाही, फक्त सोसलेली मालकीण आहे. लिस्टेड म्हणजे फक्त पुढची भिंत नव्हे, आतलं-बाहेरचं सगळं. परवानगीशिवाय त्याचं स्वरूप बदलणारं काम करणं हा गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम पूर्ववत करण्याची नोटीस तुमच्यावर येऊ शकते. म्हणून वकिलाला सांगा की कुठली खिडकी, कुठला दरवाजा, कुठली भिंत कधी बदलली आणि त्याची परवानगी कुठे आहे हे एकेक तपासा. मंजूर बदलांवर पूर्वी व्हॅट लागत नसे, ती सवलत २०१२ ला गेली. आता पूर्ण २० टक्के.

आणि आपल्या बायकांचा खास प्रश्न: फोडणी. आमच्या स्वयंपाकघराची भिंत दोन फूट जाडीची, खिडकी वीतभर. धूर बाहेर टाकायला भिंतीला भोक पाडायचं तर परवानगी हवी. अर्ज केला, अधिकारी आले, अतिशय सभ्य बाई होत्या, भिंतीला हात लावून म्हणाल्या की हा दगड तीनशे वर्षांचा आहे. मी म्हटलं, माझी मोहरी त्याहून जुनी आहे. शेवटी मागच्या नव्या भागातून नळी काढायला त्या तयार झाल्या. पाच महिने गेले. तेवढे दिवस आम्ही परसात गॅसची शेगडी ठेवून फोडण्या दिल्या, आणि त्या वासाने शेजारचे आजोबा कुंपणापाशी यायला लागले ते आजतागायत येतात.

ओल ही दुसरी. या भिंती भरीव, चुन्यात बांधलेल्या, दमट हवा आत घेऊन पुन्हा बाहेर सोडणाऱ्या. साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी घरांना सिमेंटचा गिलावा झाला, त्याने ओल आतच कोंडते. सिमेंट दिसलं तर तिथे थांबा आणि जुन्या घरांचा अनुभव असलेल्या सर्व्हेअरकडून सविस्तर तपासणी करून घ्या, बँकेच्या मूल्यांकनावर जाऊ नका. गॅसची पाइपलाइन बहुधा नसेल, तेलाची टाकी असेल. तेलाला सरकारी दरमर्यादा लागू नाही, पुरवठादार ५०० लिटरपेक्षा कमी सहसा आणत नाहीत, म्हणून गावकरी एकत्र मागणी नोंदवतात. त्या यादीत नाव घाला. मैलापाणी सेप्टिक टँकमध्ये जात असेल तर त्याचं पाणी थेट ओढ्यात सोडायला जानेवारी २०२० पासून मनाई आहे, ते कुठे जातं हे लेखी घ्या. माळ्यावर वटवाघळं असतील तर त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना हुसकावता येत नाही. आणि जिना बघा. जुन्या घरांचे जिने शिडीसारखे उभे, वर दाराची चौकट बुटकी. सासूबाईंना झोपायला आणि न्हाणीघराला खालच्या मजल्यावर जागा नसेल, आणि तशी करायला परवानगी मिळण्यासारखी नसेल, तर माझ्या मते हे घर तुमचं नाही, कितीही देखणं असलं तरी.

एवढं सगळं ऐकून तुम्हाला काय करायचं ते सांगते. विकत घेण्याआधी त्याच गावात किंवा शेजारच्या गावात ऑक्टोबर ते मार्च भाड्याने राहा, आणि त्यातले दोन महिने सासूबाई तुमच्याकडे असू द्या. ते जमत नसेल तर निदान जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सहाला गावातून चालत जा आणि दिवे लागलेल्या खिडक्या मोजा. जूनमध्ये फुलांनी लगडलेली निम्मी घरं सुट्टीची किंवा भाड्याने देण्याची असतात, हिवाळ्यात ती काळीशार दिसतात. एप्रिल २०२५ पासून अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टी, लावायची मुभा कौन्सिलांना मिळाली आहे, पण त्याने घरात दिवा लागतोच असं नाही. ज्या गावात तुम्हाला चाळीस दिवे दिसतील, हॉलच्या फळ्यावर या आठवड्याच्या तारखेचे कागद असतील आणि दुकान उघडं असेल, तिथली माणसं कितीही म्हातारी असोत, बिनघोर जा. सात दिवे दिसले तर मागे फिरा.

त्या भागातल्या मॉर्टन-इन-मार्श या गावी मंगळवारी बाजार भरतो, तेव्हा त्याच दिवशी दोन्ही कामं होतील. लंडनची गाडीही तिथूनच मिळते. पण तुमचं ऑफिस रेडिंगला आहे, तर हिवाळ्यात सकाळी सातला घरून निघून तो प्रवास एकदा करून बघा, नकाशावरची वेळ धरू नका. सर्व्हे करून घेतलात तर भिंतींच्या आणि जिन्याच्या भागात काय लिहिलंय ते इथे टाका, घराचं नाव-पत्ता खोडून. आणि सासूबाईंना जिन्याच्या किती पायऱ्या न थांबता चढता येतात, तेही विचारून लिहा.